सरकारी शेर

कारकुनाने लियाकतच्या शेरातले गहू सरकारी शेरात ओतले. नवं माप काठोकाठ भरलं आणि मूठभर गहू तरटावर सांडले.

"तुमचं माप मोठं आहे. चालणार नाही," कारकून म्हणाला.

"मोठं आहे त्यात कुणाचं नुकसान, साहेब?"

"कुणाचंच नाही. पण शेर म्हणजे शेर."

लियाकतच्या हाती शिक्क्याचं माप देऊन तो समोर शामसुंदरच्या दुकानात शिरला. तिथला शेर मूठभर कमी भरला.

भद्रकालीच्या बाजारात लियाकतचं हे माप बापाच्या वेळेपासूनचं. त्यासाठी ठमाबाई पंचवटीहून नदी ओलांडून यायची, वाटेतली सगळी दुकानं सोडून. "इमानाचं दुकान," असं ती चारचौघांत म्हणायची. लियाकत तेव्हा मान खाली घालून दाढीवरून हात फिरवायचा.

आता गिऱ्हाईक पांगलं. ठमाबाई शेवटची आली ती सांगायलाच.

"आमच्या दाराशीबी आता तेवढंच भरून देत्यात, भाऊ. पाय लय दुखत्यात. राग नको मानू."

रात्री जेवताना लियाकत बायकोला म्हणाला, "सरकारने यात पडायलाच नको होतं. लोक आधी माणूस पारखून माल घ्यायचे."

"ठमाबाईला आता कमी मिळतं का?" सलिमाने विचारलं.

"नाही."

"मग?"

तो भाकरीचा एकच तुकडा बराच वेळ चावत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शामसुंदर रस्ता ओलांडून आला आणि पोत्यावर बसला.

"सुटलो बघा, लियाकतभाई. सगळेच माप मारत होते. मी एकट्याने पुरं भरलं असतं, तर त्यांच्या भावात विकणं परवडलं नसतं."

"मी भरत होतोच की."

"तुमचा भाव चढा होता," शामसुंदर सहज म्हणाला. "तेवढ्या मुठीचे पैसे गिऱ्हाईकच देत होतं."

लियाकतचा हात दाढीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्याला हसू फुटलं, खांदे हलवणारं, मोकळं हसू. शामसुंदरही हसू लागला. लियाकतने दोन चहा सांगितले.

"माप एक, आता भावही एकच होणार," चहा संपवत शामसुंदर म्हणाला. "मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर?"

लियाकतने सुपात गहू घेतले आणि खडे वेचायला सुरुवात केली.

शामसुंदर जरा वेळ बघत राहिला, मग उठून गेला. थोड्या वेळाने लियाकतने मान वर केली, तर समोर तोही सूप घेऊन बसला होता.