वहिनीचं कपाट

छत्तीस फोटोंच्या रोलवर सदतिसावा काढायला जाऊ नये, हे मी आजवर ढिगाने लोकांना शिकवलं. आणि त्या दिवशी मीच गेले.

काचेच्या कारखान्याची भट्टी त्या दिवशी कायमची विझवली. शेवटची बाटली फुंकून झाल्यावर मुख्य कारागिराने नळी भिंतीला टेकवली आणि काही न सुचून तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मला तो फोटो हवाच होता. कॅमेऱ्याचा काटा छत्तिसावर होता. तरी मी फिल्म पुढे सरकवायचा खटका रेटला. तो आधी अडला, मग एकदम सैल पडला. फिल्म आत तुटली होती. आता ती परत गुंडाळता येणार नव्हती, आणि कॅमेरा उजेडात उघडला तर सगळं मातीमोल. पुन्हा काढायचं म्हटलं तर भट्टीच उरली नव्हती.

उपाय तसा सोपा असतो. मिट्ट काळोखात कॅमेरा उघडायचा, फिल्म हाताने सोडवून चकरीवर चढवायची, चकरी उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवून झाकण लावायचं. माझी डार्करूम असती तर चहा उकळेपर्यंत झालं असतं. पण भिंतीला ओल आलीय, रंग काढायचाय, असं सांगून दादाने ती रिकामी केली होती. खिडकीवरचा काळा कागदसुद्धा त्याने स्वतः सोलला. रंगारी काही उगवला नाही. खोली परत कधी मिळणार, असं विचारलं की दादा पायात चपला सरकवून फिरायला जायचा. हल्ली माझा भाऊ इतका चालत होता की त्याचं पोट उतरलं होतं.

तर मी कॅमेरा पोटाशी धरून घरी आले. दादा अर्थातच फिरायला गेला होता.

"वहिनी, तुझं कपाट दे."

"देते की. कुठे नेताय?"

"आत बसायचंय."

"डोकं ठिकाणावर आहे ना, वन्सं?" असं म्हणत तिने लोंबते कपडे काढून पलंगावर टाकलेही. या घरात माझ्या धंद्याची थट्टाही तीच करते आणि मदतही तीच. मी कॅमेरा, चकरी, डबा घेऊन आत उकिडवी बसले. ते दार कडी लावल्याशिवाय बंद राहत नाही, आणि कडी बाहेरून. वहिनीने ती लावली, वरून रजई सोडली आणि फटींत टॉवेल कोंबले.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता. गुडघे हनुवटीला लागत होते. मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि फिल्म कडांनी धरून सोडवायला घेतली.

"आता दार उघडलं तर?" वहिनीने विचारलं. पलंग करकरला, म्हणजे ती बसली होती.

"तर सगळे फोटो गेले."

"म्हणजे काही झालं तरी तुम्ही बाहेर येणार नाही."

"वेड लागलंय का मला?"

पलंग पुन्हा करकरला, ती उठून दाराजवळ आली.

"मग ऐका. ओलबिल काही नाही. घर विकलंय. घेणाऱ्यांना ती खोली उजेडात बघायची होती, म्हणून ह्यांनी कागद काढला."

माझे हात थांबले.

"आम्ही लेकाकडे जातोय. त्याच्याकडे दोनच खोल्या. वन्संचं काय, असं मी ह्यांना विचारलं. तर म्हणाले, ती बघेल तिचं काहीतरी."

मला इतका राग आला की पाय आपोआप दारावर गेला. एक लाथ घातली असती तर ती कडी उखडली असती. पण फिल्म अर्धी चकरीवर आणि अर्धी माझ्या बोटांत होती. उभी राहू शकत नव्हते, हात झटकू शकत नव्हते, रडले असते तर डोळेही पुसता आले नसते. घाम फुटला. घाम लागला की फिल्म चकरीत अडकते, आणि ती अडकलीच.

"ऐकताय ना?"

"जाणार कुठे?" मी म्हटलं.

"मी रोज म्हणते ह्यांना, तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा. ह्यांना होत नाही. मी सांगायचं म्हटलं तर तुमचं तोंड बघून माझीही जीभ रेटत नाही. आज तोंड दिसत नाहीये."

"तुला जायचंय का तिकडे?"

"मला कोण विचारतंय?" ती म्हणाली.

मी बोटं पदराला पुसली. फिल्म थोडी मागे घेतली, परत पुढे सारली. दादाला शिव्या घालत, एकेक वीत. त्या कारागिराचे गाल, भट्टीचं तोंड, शेवटची बाटली, सगळं माझ्या बोटांखालून आत गेलं. चकरी डब्यात बसली. झाकण टक् करून लागलं.

तो आवाज वहिनीच्या चांगला ओळखीचा. इतकी वर्षं डार्करूमच्या दाराबाहेर चहा घेऊन ती याच आवाजाची वाट बघायची.

"झालं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून वेळ लागेल."

बाहेर गेले की ते सगळं खरं होणार होतं. आत निदान माझं काम चालू होतं.

"बरं," वहिनी म्हणाली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दारात चपला वाजल्या आणि दादाचा आवाज आला. "ही कुठे गेली? आणि कपाटाला रजई कसली?"

"वन्सं आत आहेत. सांगितलं मी त्यांना. सगळं."

चपला जागच्या जागी दोनदा वाजल्या.

"बरं," दादा म्हणाला. "मग... तिचं काम चाललंय तोवर मी एक चक्कर मारून येतो."

"काम झालंय त्यांचं," वहिनी म्हणाली. "झाकण लागलेलं मी ऐकलंय. चपला काढा, आणि बसा इथे."

मी काही म्हणायच्या आतच तिने कडी काढली.