नबिलाचं घड्याळ

स्टुलावर चढून मुनीरने भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाचा काटा एक तास मागे फिरवला. "खलास! आजपासून नबिलाचा कॉल पाचला. चारला नाही. ऐकलंस का गं?"

बिलकीस कालवणासाठी चिंच कोळत होती. "चारलाच येतो तो."

"अगं, डेलाइट सेव्हिंग संपलं. तिकडची घड्याळं मागे गेली. तिचे आठ म्हणजे आता आपले पाच."

आखातातल्या फुजैरा शहरातल्या त्या घरात एक घड्याळ इथलं होतं, दुसरं टोरांटोचं. थोरली नबिला तिथे एकटी राहायची. तिला लहानपणापासून साखरेचं दुखणं, रोजची इंजेक्शनं, आणि साखर मेली उतरायची ती नेमकी झोपेत. म्हणून ठरलेलं होतं: रोज आठला उठली की तिने एक मिस्ड कॉल द्यायचा. इथे तो उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा. नाही वाजला, तर तिच्या खालच्या मजल्यावरच्या लायबाला फोन करायचा. लायबाकडे किल्ली होती.

आणि वेळेच्या बाबतीत मुनीरला कोण शिकवणार? जहाजांना तेल पुरवणाऱ्या ऑफिसात बावीस वर्षं काढलेली, रोज रॉटरडॅम आणि लंडनशी गाठ. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार त्याला तोंडपाठ. "लढाईत कोळसा वाचवायला जर्मनांनी सुरू केलेलं हे खूळ," तो ऑफिसात सांगायचा, "आपल्याकडे उन्हाला काय तोटा? वाचवायचं कशाला?" गेल्या वर्षी मात्र घरचं घड्याळ फिरवायला तो विसरला. चारला कॉल नाही म्हणून त्याने लायबाला उठवलं, तिने नबिलाला, आणि पोरगी अशी भडकली! "अब्बा, सातच वाजलेत! सगळी बिल्डिंग उठवलीत!" ते त्याला फार लागलं होतं. यंदा तो आधीच तयार होता.

चार वाजले. फोन वाजला नाही.

बिलकीस हात पुसत बाहेर आली. फोन उचलून बघितला, परत ठेवला. "माझ्या मनात पाल चुकचुकतेय. लायबाला विचारूया ना एकदा."

"परत? गेल्या वर्षी शोभा झाली ती पुरे नाही का? ते बघ, तिथे सात वाजलेत. रविवार आहे. झोपू दे पोरीला."

बिलकीसने घड्याळाकडे पाहिलं. गेल्या वर्षीचा विसर सोडला तर नवऱ्याचा वेळेचा हिशेब चुकलेला तिने कधी पाहिला नव्हता. पण ती आत गेली नाही. कालवण करपल्याचा वास आला तरी गेली नाही.

साडेचार झाले. खाली कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा दोघंही दचकली. मुनीरने चहा मागितला, तो आला नाही, आणि त्यानेही पुन्हा मागितला नाही. आता त्यालाही भीती वाटायला लागली होती. पण पाचाच्या आधी फोन लावायचा म्हणजे आपणच आपलं हसं करून घ्यायचं.

पाचाला दहा मिनिटं असताना धाकटी माहनूर मैत्रिणीकडून आली. "व्हाय इज दॅट क्लॉक राँग?"

"राँग कसं? आजच बदललं."

"दॅट्स युरोप, अब्बा. कॅनडा चेंजेस नेक्स्ट संडे." तिने आपला मोबाइल पुढे केला. टोरांटोत आठ पन्नास झाले होते.

"या अल्ला," बिलकीस म्हणाली.

मुनीरला नंबर सापडेना. शेवटी माहनूरनेच लायबाला फोन लावला. लायबा फोन चालू ठेवूनच जिना चढली. आधी दार वाजवल्याचा आवाज आला, मग किल्लीचा, मग तिची हाक. "नबिला? ऊठ ना." दुसरी हाक फार मोठ्याने होती.

श्वास थांबून फार वेळ झाला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. हे लायबाने सांगायला नको होतं.

दफन तिथेच झालं. व्हिसा वेळेत मिळाला नाही. लेकीवर पडलेली माती आईबापांनी लायबाने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिली. बिलकीस नवऱ्याला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मुनीरला सारखं वाटायचं.

पुढच्या रविवारी चारच्या सुमाराला ती फोन घेऊन बाहेर येऊन बसली. भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाला त्या दिवसापासून कुणी हात लावला नव्हता. त्यात सात वाजत आले होते, आणि आज ते अगदी बरोबर होतं.

"आज बदललं ना तिकडे?" तिने विचारलं. आठवड्यात पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती.

"हो."

"मग पाचला."

"पाचला," मुनीर म्हणाला, आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.