खालिक राथरची स्थानिक ओळख

"आजोबांचं नाव?"

"अहद राथर."

"पणजोबांचं?"

खालिक थांबला. "साहेब, कागदावर तेवढी जागा आहे का?"

हवालदार जीवरामनं फॉर्म उलटा करून पाहिला. जागा नव्हती. "नाही. ते मी असंच विचारलं. बाहेरच्या माणसाची पुरती माहिती घ्या, असा वरून निरोप आहे. पुरती म्हणजे कुठवर, ते कोणी सांगितलं नाही."

चोपड्याच्या पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर खालिक बसला होता. पायाशी शालींचं गाठोडं होतं आणि शेजारी जब्बार पिंजारी. जब्बारचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापूस पिंजायच्या यंत्रापुढे सगळा दिवस जात असल्यामुळे त्याच्या भुवयांवर कायम पांढरा कापूस बसलेला असे. दर हिवाळ्यात खालिक त्याच्याच माडीवर उतरे. दिवाळी झाली की यायचं आणि होळीच्या आधी परत जायचं, असे एकतीस हिवाळे झाले होते. पहिल्यांदा आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याला 'पाणी' एवढा एकच मराठी शब्द येत होता. आता तो सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांतून सायकलवर गाठोडं बांधून फिरे आणि दारात उभा राहून "अक्का, शेतस का घरमा?" अशी हाक मारी. बाया हसत बाहेर येत. त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. तो 'शालवाला भाऊ' होता, आणि त्याला ते पुरत होतं. खरं सांगायचं तर त्यासाठीच तो एवढ्या लांब येत होता.

यंदा मात्र उन्हाळ्यात तिकडे, त्याच्या मुलखातल्या डोंगरात फिरायला गेलेली निरपराध माणसं मारली गेली. बातमी ऐकली तेव्हा खालिक घरीच होता आणि दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण हे तो कुणाला सांगणार? दिवाळीनंतर तो चोपड्याला उतरला, तर तिसऱ्याच दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं.

जीवराम वाईट माणूस नव्हता. त्याच्या आईच्या अंगावरची शालही खालिककडूनच घेतलेली होती. त्यानं चहा मागवला आणि पुढचा रकाना वाचला.

"येण्याचं कारण. काय लिहू?"

"धंदा लिहा."

"ते झालंच हो. पण चाचा, मला एक सांगा." जीवरामनं पेन खाली ठेवलं. "लोक कर्ज काढून तिकडं फिरायला जातात. स्वर्ग म्हणतात त्याला. अन् तुम्ही तो स्वर्ग सोडून आमच्या केळीच्या बागांत सायकल दामटता. असं का?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत शंभर वेळा विचारला गेला होता. दर वेळी खालिक हसून "थंडी फार असते हो तिकडं" एवढंच म्हणायचा. आजही तेच म्हणणार होता. पण पणजोबांचं नाव जिभेवर येऊन राहिलं होतं. तो म्हणाला,

"पणजोबांचं नाव रमजान. त्यांचे वडील शाल विणायचे. आमच्या आजीनं सांगितलेलं सांगतो, साहेब. मी काही शिकलेलो नाही."

"सांगा."

"इंग्रजांनी आमचा मुलुख एका राजाला विकला. पंचाहत्तर लाखांना. डोंगर, नदी, झाडं, आणि त्यात राहणारी माणसं. कुणी कुणाला विचारलं नाही. मग एवढा पैसा वसूल कुठून होणार? विणकराकडून. प्रत्येक शालीवर सरकारी शिक्का, शिक्क्यावर कर. करासाठी रात्रंदिवस विणायचं. बरं, धंदा सोडावा तर तो गुन्हा. मुलुख सोडावा तर घाटात पहारा. लोक आपल्या हातानं आपला अंगठा तोडून घ्यायचे. अंगठा नसेल तर माग चालत नाही ना."

जब्बारनं मान वर केली. एकतीस हिवाळे हा माणूस त्याच्या माडीवर झोपला होता, आणि हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"एकदा सगळे विणकर गाऱ्हाणं घेऊन निघाले. हातात काही नव्हतं. सैन्यानं त्यांना पुलावर अडवलं आणि ढकललं. खाली दलदल. अठ्ठावीस प्रेतं निघाली, असं आजी म्हणायची. त्यात आमच्या रमजानचे वडील होते. मग रमजानला गिलगिटला नेलं. बेगार म्हणायचे. फौजेचं ओझं पाठीवर घेऊन बर्फातून चालायचं, मजुरी नाही. शेतात उभा होता, तिथूनच नेला. घरात म्हणे त्याची भाकरी झाकून ठेवली होती. तो आला नाही."

"अन् आजोबा?"

"अहद. ते जहागीरदाराच्या जमिनीवर राबले. पिकलेलं निम्म्याहून जास्त तो न्यायचा. पन्नास साली कायदा झाला आणि कसत होते तो तुकडा त्यांच्या नावावर झाला. आमच्या घरात आलेला तेवढाच एक चांगला कागद." खालिक हसला. "अब्बा म्हणायचे, आता संपलं. आता आपण माणसात आलो."

"मग?"

"मग मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो. तिकडं बंदुका आल्या. अतिरेक्यांकडेही, फौजेकडेही. आमच्या शाळेतले मास्तर पंडित होते. एका हिवाळ्यात त्यांचं घर रिकामं झालं. त्यांनाही कुणी विचारलं नाही. पुढं एकदा भल्या सकाळी फौजेनं गाव वेढलं आणि सगळ्या पुरुषांना मैदानात बसवलं. गाडीत तोंड झाकलेला एक खबऱ्या होता. आम्ही एकेक त्याच्यासमोरून जायचो. माझा भाऊ गेला तेव्हा त्यानं मान हलवली. मी गेलो तेव्हा हलवली नाही. बस, एवढाच फरक. भावाला उचलून नेलं, तो परत आला नाही. आई म्हणाली, तू इथं राहू नकोस. मामा शाली विकायला खानदेशात यायचा, त्यानं मला सोबत घेतलं."

चहा निवून त्यावर साय धरली होती. जीवरामनं पेन उचललं, थोडा वेळ हातात फिरवलं आणि 'येण्याचं कारण' या रकान्यात लिहिलं: शाल विक्री.

"याहून जास्त जागा नाही, चाचा."

"तेवढंच बरोबर आहे."

शेवटचा रकाना होता 'स्थानिक ओळखीच्या व्यक्तीचे नाव व सही'. जब्बार बाकावरून उठला आणि खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवू लागला. जीवरामनं फॉर्म किंचित आपल्याकडे ओढला.

"जब्बारभाई, तुमची सही नको."

"का? घर माझं आहे. माझ्या आज्यानं बांधलंय, याच चोपड्यात."

"मला माहीत आहे हो. पण..." जीवराम त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "दुसऱ्या कोणाची आणा. म्हणजे तुम्ही समजून घ्या. कागद वर जातो, मग वरून विचारतात."

जब्बार समजला. त्यानं चष्मा काढला आणि परत खिशात ठेवायला त्याला बराच वेळ लागला. रस्त्यावर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू बाहेरचा आहेस म्हणून तुझी चौकशी. माझी कसली?"

खालिकजवळ त्याला उत्तर होतं, पण ते जब्बारला सांगावंसं वाटेना.

ओळख देणारं दुसरं माणूस एकच होतं. चोपड्यापासून सहा मैलांवरच्या खेड्यात वच्छलाबाई राहायची. सत्तरीची विधवा, केळीची दोन बिघे बाग आणि जिभेला भयंकर धार. पहिल्या हिवाळ्यात खालिक तापानं फणफणून तिच्या ओट्यावर कोसळला होता, तेव्हा चार दिवस तिनं त्याला ज्वारीची कण्हेरी पाजली होती. तेव्हापासून तो दरवर्षी तिच्यासाठी अक्रोड आणी आणि ती त्याला भाऊ म्हणे.

गावाच्या कमानीला नवा फलक लागला होता: 'बाहेरगावच्या फेरीवाल्यांना गावात बंदी.' खालिकला मराठी वाचता येत नव्हतं. जब्बारला येत होतं. त्यानं तो खालिकला वाचून दाखवला नाही, दोघं आत गेले.

वच्छलाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत होती. तिचा मुलगा नवल अंगणात ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी करत होता. चाळिशीचा, कष्टाळू. लहानपणी खालिकच्या सायकलमागे "चाचा, अक्रोड!" म्हणत वेशीपर्यंत धावणारा. त्यानं दोघांना पाहिलं आणि हातातली नळी तशीच राहिली.

"फलक वाचा नही का?" तो जब्बारला म्हणाला.

"वाचला. कामापुरते आलोत."

खालिकनं ओट्याशी जाऊन फॉर्म पुढे केला आणि काय हवं ते सांगितलं. वच्छलाबाईनं पदराला हात पुसले.

"माय, सही करू नको," नवल म्हणाला. "बठ्ठा गावनी ठराव करेल शे. आन् तो फलक मीच लायेल शे."

"माले कोनी विचारं? मी गावमा नही का?"

"तुले समजत नही. टीव्हीवर देखं ना तू, काय करं त्या लोकेसनी? नाव विचारी विचारी मारं."

"देखं." वच्छलाबाईचा आवाज खाली आला. "दोन दिन जेवन नही गयं माले. पन ह्यानी मारं का?"

"ह्यानी नही. पन त्यास्नाच शे ना."

खालिकनं फॉर्मची घडी घातली. "राहू द्या, अक्का. घरात भांडण नको. नवलभाऊचं चुकत नाही. मेलेल्यांच्या घरी काय झालं असेल, ते मला माहीत आहे. माझ्या घरी झालंय."

नवलनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरी काय झालं?"

ठाण्यात एवढं बोलला होता, पण इथं खालिकला बोलता येईना. जब्बारच बोलला. शालीचा शिक्का, अंगठा, पूल, गिलगिट, मैदान. आजच ऐकलेलं, पण सूत कातावं तसं त्यानं ते धागा न तुटू देता सांगितलं. वच्छलाबाईच्या मांडीवरच्या शेंगा तशाच पडून राहिल्या.

"तीस साल," ती शेवटी म्हणाली. "तीस साल मी तुले इचारत ऱ्हायनू, लाल रंग शे का, जांभळा शे का. भाऊ कितला शेतस तुले, ते नही इचारं कधी." ती उठली. "नवल, गाडी काढ. माले सही करता येस."

नवल जागचा हलला नाही. मग त्यानं नळी खाली टाकली आणि मोटारसायकल काढली. तो आईला नाही म्हणू शकला नाही एवढंच. त्याचं मत बदललं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं.

खालिक आणि जब्बार मागून एस.टी.नं पोचल्यावर ठाण्यात वच्छलाबाईनं सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर थांबून. जीवरामनं शिक्का मारला. "होळीपर्यंत राहा. फक्त दर सोमवारी सकाळी येऊन हजेरी द्यायची, चाचा. अन् गावात जाताना हा कागद जवळ ठेवा."

"ठेवतो," खालिक म्हणाला. एकतीस हिवाळे या मुलखात त्याच्या खिशात कंगवा आणि तपकिरीची डबी याखेरीज काही नसे. त्यानं कागदाची घडी केली आणि आतल्या खिशात, छातीशी ठेवली. तिकडे घरी नाक्यानाक्यावर दाखवायचं ओळखपत्र तो ज्या जागी ठेवत असे, तीच ही जागा.

ते चौघं बाहेर पडले. पुढे नवल किल्ली फिरवत, मागे जब्बार, मग वच्छलाबाई आणि गाठोडं खांद्यावर घेतलेला खालिक. आवारात जळगावहून आलेली पोलिसांची गाडी रिव्हर्समध्ये मागे येत होती. चालकाला कडेची नाली दिसत नव्हती. गाडीतून उतरलेला अधिकारी चालकाकडे पाहून जोरात ओरडला,

"थांब! जागच्या जागी थांब!"

गाडी थांबली. आणि आवाराच्या मधोमध खालिकही थांबला. त्याचं गाठोडं धुळीत पडलं होतं. दोन्ही पाय त्यानं अंतरावर रोवले होते, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले होते आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवली होती. हे सगळं इतक्या सराईतपणे झालं की कुणाला ते होताना दिसलंसुद्धा नाही.

अधिकारी गोंधळून पाहू लागला. चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. व्हरांड्यातून जीवराम म्हणाला, "अहो चाचा, तुम्हाला नाही."

खालिकला ऐकू गेलं नसावं. तो हलला नाही. गाठोड्याची गाठ सुटून एक जांभळी शाल मातीत पसरली होती. नवल तिच्याकडे पाहत राहिला, मग वाकून त्यानं ती उचलली. झटकायला गेला आणि झटकलीच नाही, नुसती हातावर धरून उभा राहिला.

वच्छलाबाई पुढे झाली. तिचा हात खालिकच्या मनगटापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तिनं त्याची बाही धरली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुले नही सांगं त्यास्नी. हात खाले कर."

ती बाही ओढत गेली तसतसे हात सावकाश खाली आले. बोटं मात्र मिटली नाहीत. कमरेशी आल्यावरही ते दोन्ही तळवे, समोरच्याला ते रिकामे आहेत हे दिसावं म्हणून, तसेच उघडे राहिले.