पेट्रोलची वाफ धरणारा डबा

मित्रांनो, जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की सगळे इंजिनाकडे बघतात. कोपऱ्यात पट्ट्याने आवळलेल्या काळ्या डब्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो डबा म्हणजे मी. माझ्या पोटात नारळाच्या करवंटीचा बारीक कोळसा आहे. उन्हाने टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती एका नळीतून माझ्याकडे येते आणि मी ती कोळशात धरून ठेवतो. गाडी सुरू झाली की इंजिन दुसऱ्या नळीतून ती ओढून घेतं आणि जाळून टाकतं. त्यामुळे वाफ बाहेर पडत नाही आणि टाकीही फुगत नाही.

सावनेरच्या देवरावांच्या जीपमध्ये मी बावीस वर्षं होतो. देवराव गावोगाव जाऊन विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत. जळलेल्या मोटारीत तांब्याची तार ते हातानेच भरत, आणि त्यांनी भरलेली मोटार पुन्हा लवकर जळत नसे. लोक म्हणत, देवरावांच्या बोटांत जादू आहे. दर रविवारी ते जीप धूत. मला मात्र त्यांनी कधी पुसलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. माझं काम न दिसणारंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात जीपचं इंजिन थकलं. देवरावांनी ती सक्करदऱ्याला नत्थूच्या गॅरेजात आणली आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं ठरलं. नत्थूचं नाव मोठं होतं. पण नळ्यांचं किचकट काम अश्लेषा करायची. आठ वर्षं ती तिथे मेकॅनिक होती. तिने प्रत्येक नळीवर चिठ्ठी चिकटवली, कुठून आली आणि कुठे जाणार ते लिहिलं. मग मला हातात घेतलं, फुंकून पाहिलं आणि फडक्याने पुसलं. मित्रांनो, बावीस वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच पुसत होतं.

नवं इंजिन रुंद होतं. माझी जागा त्यानेच अडवली. मला दुसरीकडे बसवून नळ्या फिरवायला अर्धा दिवस लागणार होता, आणि गाडी संध्याकाळी द्यायची होती.

"अवं, काय करून राहिली तू?" नत्थू म्हणाला. "फेक तो डबा. इंजिन चालू झालं ना? आवाज ऐक, कसा मस्त येऊन राहिला!"

"इंजिन चालते, काका. पण टाकीतली वाफ जाईन कुठं?"

"वास येऊ नये म्हणून टाकीच्या वाफेच्या पाइपात बोल्ट मारून देतो. झालं काम."

"असं नका करू. मे महिना आहे. टाकीत प्रेशर होईन."

"चाळीस वर्षं झाले मले. आता तू शिकवतं काहून?"

नत्थूने स्वतः चिठ्ठ्या ओढून काढल्या, पाइपात बोल्ट ठोकला आणि मला फळीवर भिरकावलं. संध्याकाळी देवरावांनी जीप चालवून पाहिली. खूश होऊन त्यांनी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले. अश्लेषाने खाल्ले नाहीत.

नवव्या दिवशी देवरावांची बायको देवकी गॅरेजात आली. तिच्या बोलण्यातूनच मला सगळं कळलं. भर दुपारी देवरावांनी चहाच्या टपरीजवळ जीप थांबवली आणि पेट्रोल किती उरलं ते बघायला टाकीचं झाकण फिरवलं. झाकण हातातून उडालं. पेट्रोलचा फवारा अंगावर आला, आणि वाफ टपरीच्या पेटत्या शेगडीपर्यंत पोचली. देवराव वाचले. पण दोन्ही हात भाजले आणि बोटं आखडली.

"जळालेली जीप पाहाले आलेला मिस्त्री म्हणते, टाकीच्या पाइपात बोल्ट होता," देवकी म्हणाली. "कोनं मारला?"

नत्थूने अश्लेषाकडे बोट दाखवलं. "नळ्या तिनंच जोडल्या, वहिनी."

"मी नाही म्हटलं होतं!" अश्लेषा ओरडली. "काका, खरं सांगा."

नत्थूने मान फिरवली. देवकी त्याला वीस वर्षं ओळखत होती. ती अश्लेषासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या माणसाचे हात खाल्ले तू," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अश्लेषाने पाने आवरले. आता ती कळमेश्वरच्या एका कारखान्यात खोकी बांधते. सक्करदऱ्यात तिला कुणी काम दिलं नाही.

नत्थू मात्र सुधारला. आता इंजिन बदललं की आधी डबा बसवतो. नव्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो, "या डब्याबिगर मी गाडी सोडतच नाही." लोक त्याच्या अनुभवाची तारीफ करतात. मी फळीवरून ऐकतो.

मित्रांनो, एखाद्या वस्तूचं काम कळत नसेल तर ती फेकण्याआधी विचारा. आणि सांगणारं माणूस वयाने लहान असलं तरी त्याचं ऐका. मला आता कुठल्याच गाडीत जायचं नाही. फक्त तुमच्यापैकी कुणी सावनेरला गेलंच, तर देवरावांना भेटा. बोल्ट कुणी मारला होता, ते त्यांना सांगा.