मेलेल्या पेमाला बहात्तर मार्क

मी जिवनबाईची दगडी पाटी बोलतेय. माझ्या बोलण्यात कडवटपणा वाटला तर वाटू द्या. मी पाहिलं तेच तसं होतं.

१९९६ साली साक्षरता मोहिमेच्या गोणीतून मी औंढ्याजवळच्या तांड्यावर आले. गावातले अमृतराव मोहिमेचे प्रमुख. त्यांनी आम्हा पाट्यांना बायांच्या हातात दिलं, फोटो काढून घेतला आणि पुन्हा तिकडं फिरकले नाहीत. शिकवायचं काम दहावी झालेल्या मिनानं आपणहून अंगावर घेतलं. बाया शेतातून परतल्या की लिंबाखाली तिचा वर्ग भरायचा.

जिवनबाई चाळिशीची. खुरपं धरून बोटं ताठ झालेली. 'ज' गिरवताना तिनं तीन पेन्सिली मोडल्या.

"माझ्यानं न्हाई व्हायचं, मिना."

"काकी, उद्या परत बसू."

सहाव्या महिन्यात तिनं माझ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. मग मागच्या साली वारलेल्या जावेचं, पेमाचं. ते तिनं दोन दिवस कुणाला पुसू दिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी अमृतराव आले ते आधीच लिहिलेले पेपर घेऊनच. तीसच्या तीस बायांचे, एकाच वळणाचं अक्षर.

"मिना, परीक्षा घेतली म्हणून सही कर. गाव साक्षर जाहीर करायचंय."

जिवनबाईनं वरचा कागद उचलला. बोट फिरवत वाचलं. "हे माझं नाव. पण म्या कुठं लिवलं?"

"पास झालीस ना? मग काहून तकलीफ घेतेस?"

तिनं पुढचा कागद पाहिला. तिचं बोट थांबलं.

"भाऊ, ही पेमा हाय. आमीच जाळून आलो तिला. तिला बहात्तर मार्क?"

 अमृतराव हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

मिनानं सही केली नाही. दुसऱ्या कुणी तरी केली. गाव साक्षर झालं, पाट्या गोळा झाल्या. पंचायतीच्या डुगडुगत्या कपाटाखाली मला सारलं. सात वर्षं शिपाई रामकिशन त्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकला. साक्षर गावाचा प्रसाद मी अंगावर झेलला.

एके दिवशी जिवनबाई आली. "सुनंला शिकवायचंय. पाटी द्या."

"मिळत न्हाई बाई. गाव साक्षर हाय."

"मग देत न्हाई म्हणून कागदावर लिवून द्या. म्या वाचीन."

रामकिशननं पेन उचललं, तिच्याकडं पाहिलं, ठेवून दिलं. खाली वाकून त्यानं मला ओढून काढलं. माझा एक कोपरा तिथंच राहिला.

हल्ली मी तिची सून शिला हिच्या मांडीवर असते. तुमच्या गावाच्या वेशीवर 'साक्षर गाव' असा फलक असेल, तर एवढं करा. शेतातून परतणाऱ्या एखाद्या बाईला थांबवा आणि तो वाचायला सांगा.