आठ जीबीवरची खूण

मल्लिनाथअप्पांना आजवर कुणी फसवलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. लातूरच्या आडत बाजारात त्यांनी बत्तीस वर्षं भुसार मालाची दलाली केली होती. तुरीचे दोन दाणे दाताखाली धरले की माल औशाचा की रेणापूरचा, यंदाचा की गेल्या सालचा, हे ते तिथल्या तिथे सांगायचे. दलाली सोडून चार वर्षं झाली, पण संशय काही सुटला नाही. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघणारा, दारात कुणीही आलं की अप्पा त्याला खालून वर न्याहाळत. त्यांची बायको शिवकांता म्हणायची, "यांना देवानं दर्शन दिलं तरी हे आधी आधार कार्ड मागतील."

अशा माणसाच्या घरातला लॅपटॉप अडकायला लागला. तो धाकट्या लेकीचा, मंजुश्रीचा. डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासची लेक्चरं ती घरी बसून कापायची, जोडायची. तीन महिने कच्ची नोकरी होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत शेवटची अकरा लेक्चरं तयार करून दिली की नोकरी पक्की, असं क्लास चालवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. पण मध्येच क्लासनं नवा कॅमेरा घेतला, व्हिडिओ जड झाले आणि लॅपटॉपची आठ जीबीची रॅम धापा टाकायला लागली. एक बटण दाबलं की भाजी निवडून होईपर्यंत पडदा हलायचा नाही.

मंजुश्रीनं शिवमूर्तींना फोन लावला. क्लासचे सगळे कॉम्प्युटर दहा वर्षांपासून तेच बघत. शिवमूर्ती म्हणाले, "लॅपटॉप घेऊन या आणि दोन तास ठेवून जावा. आत कोणती रॅम हाय ते बघतो, तिला जुळणारी दुसरी टाकून देतो."

ठेवून जावा, एवढंच अप्पांच्या कानावर पडलं.

"ठेवून बिवून काही जायचं न्हाई," ते म्हणाले. "आतला चांगला माल काढून घेत्यात आन् हलका भरत्यात. आपल्याला काय कळून राहिलंय आत काय हाय ते?"

"अप्पा, ते ओळखीचे आहेत."

"ओळखीचाच माणूस फसवतो. अनोळख्याजवळ आपण जातोच कशाला?"

मग अप्पांनी बाजारातली रीत काढली. शंभर पोती विकायची असली तरी कुणी शंभर पोती डोक्यावर घेऊन फिरत नाही. मूठभर नमुना पुडीत बांधून नेतात आणि त्यावर सौदा होतो. आतला तो रॅमचा तुकडा काढून दे, मी नमुना म्हणून नेतो, त्याच्याशी ताडून दुसरा आणतो. लॅपटॉप घराबाहेर जाणार नाही.

मंजुश्रीला शनिवारी सकाळी क्लासमध्ये मीटिंग होती, वाद घालायला वेळ नव्हता. तिनं मोबाईलवर व्हिडिओ बघत लॅपटॉपचं पाठीमागचं झाकण उघडलं, दोन्ही बाजूंचे चिमटे सरकवले आणि बोटभर लांबीची हिरवी पट्टी अलगद बाहेर काढली. तिच्यावर काळे चौकोन होते आणि एका कडेला सोनेरी दात. शेजारी तसलीच एक खोबण रिकामी होती.

"कडेला धरायचं. सोनेरी दातांना बोट लावायचं न्हाई," तिनं बजावलं आणि ती गेली.

अप्पांनी दातांना बोट लावलं नाही. पट्टी त्यांनी स्वच्छ धुतलेल्या रुमालावर ठेवली, चष्मा चढवला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. असल्या पट्ट्या त्या दुकानात ढिगानं असणार. आत नेऊन बदलली तर ओळखायची कशी? बाजारात ते आपल्या पोत्याच्या तोंडाशी दाभणानं फुलीचे दोन टाके घालत, आणि ती खूण कुठं आहे हे शिवकांतालाही सांगत नसत. त्यांनी फळीवरून पोती शिवायचं दाभण काढलं. काळ्या चौकोनांच्या खाली आणि सोनेरी दातांच्या वर हिरवी जागा मोकळी दिसत होती. तिथं त्यांनी दाबून एक बारीकशी फुली ओढली. मग पट्टी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि निघाले.

शिवमूर्तींचं दुकान अरुंद होतं. पुढं काउंटर, मागं काचेचं दार आणि दाराआड कामाचं टेबल. काउंटरवर क्लासच्या चार-पाच पोरी चार्जर बघत उभ्या होत्या. शिवमूर्ती चाळिशीचा, बोलायला शांत माणूस. रुमालातून निघालेली पट्टी त्यानं कडेला धरून उचलली.

"काका, लॅपटॉप आणला असता तर बरं झालं असतं. पण असू द्या. ही डीडीआर फोर हाय, बत्तीसशे वेगाची. दुसरी तसलीच लागती. फाइव्ह घेतली तर खाच दुसरीकडं असती, बसतच न्हाई. कमी वेगाची घेतली तर दोघी मिळून कमी वेगानंच चालत्यात."

हे अप्पांना पटलं. जातीला जात आणि वेगाला वेग. माणूस निदान बोलतो तरी नीट, असं त्यांच्या मनात आलं.

"जरा तपासून बघतो," म्हणून शिवमूर्ती पट्टी घेऊन काचेच्या दाराआड गेला. अप्पा टाचा उंचावून बघत राहिले, पण त्याची पाठ तेवढी दिसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शिवमूर्ती बाहेर आला तो मान हलवतच.

"काका, ही गेलेली हाय. मी तीन लॅपटॉपांत लावून बघितली. दोन्ही नव्याच घ्याव्या लागतील."

एक घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दोन विकायच्या, हा डाव त्यांनी बाजारात हजारदा बघितला होता. पट्टी उलटीपालटी केली तर फुली जागेवर होती. म्हणजे बदलली नव्हती, आत नेऊन जाळली होती. माणूस त्यांना वाटला त्याहून पोचलेला निघाला.

"सकाळी चालू होती," ते एवढंच म्हणाले.

शिवमूर्तीनं त्यांच्याकडे बघितलं, काउंटरवरच्या पोरींकडे बघितलं आणि तो काही बोलला नाही. गप्प बसला म्हणजे चोरच, हे अप्पांनी तिथंच ठरवून टाकलं.

घरी मंजुश्री त्यांची वाट बघत होती. अप्पांनी सांगितलं ते तिला खरं वाटलं. बापाची नजर चुकत नाही हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिला रडू आलं आणि मग राग आला. तिनं आधी शिवमूर्तींना फोन करून तोंडाला येईल ते सुनावलं आणि मग सरांना कळवलं की तुमच्या माणसानं माझी रॅम जाळली, काम अडलंय.

सर थंडपणे म्हणाले, "शिवमूर्तीला मी दहा वर्षं ओळखतो, तुम्हाला तीन महिने. उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा आणा. न्हाईतर काम उशिरा देण्यासाठी दुसऱ्यावर खोटा आळ घालणारी मुलगी मला नको."

"पुरावा मी आणतो," अप्पा म्हणाले.

नांदेडला वजिराबादेत त्यांचा भाचा विरूपाक्ष असले बारीक तुकडे भिंगाखाली धरून दुरुस्त करायचा. रविवारी पहाटेची बस धरून अप्पा अहमदपूर, लोहा करत दहाच्या सुमाराला नांदेडला उतरले. वाटेत त्यांनी शेजारच्या प्रवाशाला लातूरच्या एका दुकानदाराची सगळी कथा दोनदा ऐकवली. दुसऱ्यांदा ऐकवताना शिवमूर्ती आणखी काळा झाला.

विरूपाक्षनं पट्टी भिंगाखाली ठेवली. समोरच्या मोठ्या पडद्यावर हिरवं रान उमटलं. त्यात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या रेषा शेजारी शेजारी धावत होत्या. मधोमध, बैलगाडी जाईल एवढे रुंद दोन ओरखडे एकमेकांना छेदून गेले होते.

"हे बघा मामा. यातून सगळी माहिती ये-जा करती. पाच रेषा तुटल्यात. पट्टी यामुळंच मेली."

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. आपल्या हातची फुली त्यांना ओळखू आली. उजवा पाय जरा लांब ओढायची त्यांची सवय होती.

"पडून झालं असंल," त्यांनी कसंबसं विचारलं.

"पडून फुली कशी होईल? कुणीतरी टोकदार लोखंडानं मुद्दाम केलीय. लई हलकट माणूस दिसतो. मी लिहून देतो, सही-शिक्का मारून. सोडू नका त्याला."

विरूपाक्षनं कागद लिहिला. मंजुश्रीच्या लॅपटॉपचा नंबर विचारून जुळणाऱ्या एकसारख्या दोन नव्या पट्ट्याही त्यानं डबीत घालून दिल्या.

परतीच्या बसमध्ये अप्पा कुणाशी बोलले नाहीत. कागदावरचा शब्दन् शब्द खरा होता, आणि तो दाखवला की शिवमूर्ती धंद्यातून उठणार होता. न दाखवला तर पोरगी नोकरीतून उठणार होती. बाजारात एका जातीच्या माणसांची त्यांना फार किळस होती, आपला किडका माल रात्रीतून दुसऱ्याच्या पोत्यात ओतणाऱ्यांची. अहमदपूरच्या स्टँडवर मंजुश्रीचा फोन आला, "अप्पा, मिळाला का पुरावा?" ते "हाव" म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

लातूरला उतरून ते घरी गेले नाहीत, सरळ शिवमूर्तीच्या दुकानात गेले. रविवारची पोरापोरींची गर्दी होती. कागद आणि पट्टी त्यांनी काउंटरवर ठेवली.

"फुली माझी हाय," ते म्हणाले. "तुम्ही बदलाल म्हणून दाभणानं केली होती."

"मला कालच दिसली ती," शिवमूर्ती म्हणाला.

"मग बोलला का न्हाई?"

"पोरी उभ्या होत्या, काका. तुमच्या वयाच्या माणसाला त्यांच्यासमोर काय बोलायचं? आन् बोललो असतो तरी तुम्ही ऐकलं नसतं."

हे खरं होतं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, सरांची अट, पोरीची नोकरी. "ती माझं ऐकून बोलली हो. तिचा काही गुन्हा न्हाई."

शिवमूर्तीनं कागद वाचला, घडी घातली आणि मोबाईल उचलला. "बसा जरा," म्हणून तो काचेच्या दाराआड गेला आणि दार लावून घेतलं.

काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. अप्पांच्या मनात जुनं चाक पुन्हा फिरायला लागलं. काय सांगून राहिला असेल? बाप लबाड, पोरगी लबाड, दोघांनी मिळून मला चोर ठरवलं, हेच ना? त्याच्या जागी आपण असतो तर हेच सांगितलं असतं. आपण इथं येऊन पोरीचा गळा स्वतःच्या हातानं कापला, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अप्पा," मंजुश्री आनंदानं ओरडलीच. "शिवमूर्तींनी सरांजवळ कबूल केलं. तपासताना त्यांचा स्क्रूड्रायव्हर निसटला म्हणे. सर मला सॉरी म्हणाले. उद्या काम दिलं की नोकरी पक्की. तुमचं बरोबर होतं अप्पा. तुमची नजर चुकतच न्हाई."

शिवमूर्ती दार उघडून बाहेर आला होता आणि एका पोराला माऊस दाखवत होता. यात याचा फायदा काय, हा पहिला विचार अप्पांच्या मनात आला. त्यांनी तो फायदा सगळीकडून शोधला. सापडला नाही, तेव्हा त्यांना फार लाज वाटली.

"असं का केलं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सर माझी एक चूक पोटात घालतील. तिची घातली नसती," शिवमूर्ती म्हणाला आणि पुन्हा माऊसकडे वळला.

फोन अजून कानालाच होता. "अप्पा, ऐकून राहिलात ना?"

"मंजू," अप्पा म्हणाले, "ती खूण म्या केलीय. दाभणानं. शिवमूर्तींनी काही केलं न्हाई. सरांचा नंबर दे."

"नोकरी जाईल अप्पा," ती म्हणाली.

"जाईल. पण दुसऱ्याच्या मानेवर बसून ती नको. दे नंबर."

तिनं रडत रडत नंबर सांगितला. शिवमूर्ती हात हलवून नको नको करत होता. अप्पांनी एकेक आकडा दाबला. दुकानातली पोरं बघत होती, पण ते बाहेर गेले नाहीत. सरांनी फोन उचलला तेव्हा त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मी मंजुश्रीचा बाप बोलतोय, पट्टी माझ्याच हातानं मेली, शिवमूर्तींनी दोष उगीच अंगावर घेतलाय, आणि पोरीला यातलं काही माहीत नव्हतं.

सर खालच्या आवाजात म्हणाले, "काका, खरं सांगा. शिवमूर्तीच्या दुकानातूनच बोलून राहिलात ना? त्यानं काय द्यायचं कबूल केलंय तुम्हाला?"

हा आवाज अप्पांच्या ओळखीचा होता. बत्तीस वर्षं ते स्वतः याच आवाजात माणसांशी बोलत आले होते. समोरचा माणूस किती शपथा घेतो आणि त्याचा कसा काही उपयोग होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काहीच न्हाई सर," ते म्हणाले. "खरं सांगून राहिलो. मीच केलंय."

"असं?" सर म्हणाले. "पुरावा काय?"