कुल्फीच्या साच्यातली कुपी

१९९८च्या मे महिन्यात वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि जळगावातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला. आत एन्झाइमची एक कुपी होती, करंगळीएवढी. ती गरम झाली की संपली. नवी यायला दीड महिना लागणार होता.

आणि समोर बाकावर सावद्याचे उखर्डूभाऊ बसलेले. त्यांच्या केळीवर हरण्या रोगाच्या पिवळ्या रेघा दिसल्या होत्या. वडिलांनी निवडून जपलेल्या वाणाची, बेण्यासाठी राखलेली चाळीस झाडं. हा रोग डोळ्यांना उशिरा दिसतो, कंदात-पानात आधीच भिनलेला असतो. म्हणून जो तो सांगत होता, चाळीसही उपटा. मृगाची लागवड पंधरा दिवसांवर आलेली. कुठलं झाड निरोगी, हे फक्त माझी तपासणी सांगू शकत होती. भाऊंनी ओल्या फडक्यात चाळीस पानं आणली होती, प्रत्येकाला नंबर बांधून.

"कुपीत एवढं काय हाये, ताई?"

"भाऊ, हरण्याचा विषाणू आरएनएचा बनलेला असतो. माझ्या यंत्राला फक्त डीएनए कळतो. हे एन्झाइम आरएनएवरून डीएनएची नक्कल काढतं. ते कोंबड्यांच्या एका विषाणूचं आहे. तो अशीच नक्कल काढून कोंबडीच्या पेशीत घुसून बसतो."

"म्हंजे कोंबडीच्या रोगानं केळीचा रोग पकडाचा? मंग सांभाळ ना त्याले!"

माझं डोकंच फिरलं. मी काय कुपी उन्हात वाळत घातली होती? बाजारातून बर्फ आणून त्यात खोचली होती, पण थर्मामीटर शून्यावरून हलेना. हवं होतं उणे वीस. "तुम्हीच सांभाळा मग!" मी ओरडले. भाऊ गुपचूप उठून गेले. रागावले असं वाटलं आणि मला वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ते परत आले ते हातगाडीसह. बरोबर अभिमन कुल्फीवाला, मूळचा धुळ्याकडचा. त्याने माझ्या बर्फाकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

"नुसता बरफ काय कामना, ताई? मीठ टाक, मंग दख."

एम.एस्सी. झालेल्या मला हे सुचू नये! शाळेत शिकले होते की. अभिमनने कुपी कुल्फीच्या रिकाम्या साच्यात ठेवली, झाकण कणकेने बंद केलं, मटक्यात बर्फ आणि जाड मिठाचे थर दिले. पारा उणे अठरावर उतरला. मग दीड दिवस तो दर दोन-तीन तासांनी यायचा, पाणी काढायचा, नवा बर्फ-मीठ भरायचा. ऐन उन्हाळ्यात त्याने गाडी लावलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. चाळीस पानांबरोबर मी एक एक्केचाळिसावं पान घेतलं, हरण्या झालाय हे पक्कं माहीत असलेलं. कारण एन्झाइम मेलं असेल, तर सगळीच झाडं निरोगी दिसतील आणि ते साफ खोटं असेल. विषाणू सापडला की तपासणीच्या जेलवर एक पट्टी उमटते; म्हणून आधी या रोगट पानाची पट्टी उमटायला हवी होती. रोग दिसू दे म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

अतिनील दिव्याखाली ती पट्टी नारिंगी चमकली. एन्झाइम जिवंत होतं! मी लहान पोरीसारखी ओरडले. मग बाकीच्या पट्ट्या मोजल्या, दोनदा मोजल्या.

"भाऊ, नऊ झाडं काढा. एकतीस निरोगी आहेत."

"पुन्हा सांग."

"एकतीस निरोगी."

ते बाकावर बसूनच राहिले. "चाळीस झाडं खंदाले चार मजूर सांगेल होते," ते म्हणाले. "नऊ तं मी एकटाच खंदीन." आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात अभिमन मटका न्यायला आला. मिठाने त्याची बोटं सोलवटली होती, नखांपाशी रक्त साकळलं होतं. आमचं कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. उखर्डूभाऊंनी त्याचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले.